मैत्री सोसायटी विरुद्ध हरिचंद्र मोटरवाला

वकील व्हायचं तर आधी पदवी घ्यायची, मग लॉ कॉलेजात अर्ज टाकायचा, आणि गुण बरे असले तर प्रवेश मिळायचा. त्या काळी त्याला ना वेगळी परीक्षा होती ना क्लास. म्हणजे तयारी करण्यासारखं काही नव्हतंच. आता जिथं करण्यासारखं काही नाही तिथं माणूस किती तयारी करू शकतो, हे ज्याला बघायचं असेल त्यानं एक्क्याण्णव साली बदलापुरात, मांजर्लीच्या मैत्री सोसायटीत यायला हवं होतं. तिथं जयदेव रोकडे नावाचा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी वकिलीची तयारी करत होता आणि अख्खी सोसायटी त्याला मदत करत होती. बी.ए.च्या अभ्यासाचं काय चाललंय, असं मात्र त्याला कोणी विचारलं नाही. त्यानंही आपण होऊन विषय काढला नाही.

सुरुवात एका रविवारी जेवताना झाली.

"मी लॉ करणार," जयदेव म्हणाला.

"कर की," त्याची आई गयाबाई म्हणाली. लॉ म्हणजे नक्की काय करायचं असतं हे तिला ठाऊक नव्हतं, पण पोरगा आपण होऊन काहीतरी करतो म्हणाला याचंच तिला अप्रूप वाटलं.

वडील शंकररावांनी शांतपणे जेवण उरकलं, हात धुतले, पंच्याला हात पुसले आणि मग म्हणाले, "आनंदनगरला नवीन कंपनी उघडतेय. स्टोअरमध्ये क्लार्क पाहिजे. मी शब्द टाकलाय. मे महिन्यात हजर व्हायचं."

"पण अप्पा, लॉ..."

"स्टोअरमध्ये पंखा आहे," शंकरराव म्हणाले.

हे वाक्य दिसतं तितकं साधं नाही. शंकररावांनी अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत, एक आठवडा सकाळपाळी आणि एक आठवडा दुपारपाळी, अशी बॉयलरपुढं उभ्या उभ्या अर्धी हयात काढली होती. त्यांच्या लेखी जगातल्या नोकऱ्या दोनच प्रकारच्या. पंख्याखालच्या आणि बिनपंख्याच्या. मुलाला त्यांनी मोठ्या खटपटीनं पंख्याखाली नेऊन बसवलं होतं, आणि हा शहाणा म्हणत होता की मला काळा कोट घालून उन्हातान्हात फिरायचंय.

"वकिली बोलणाऱ्याची असते," ते म्हणाले. "तुझ्या तोंडातून रिक्षावाल्यापुढं शब्द फुटत नाही."

हे खरं होतं, म्हणूनच ते जयदेवला लागलं. त्याच दिवशी त्यानं मनाशी ठरवलं की आता तयारी करायची आणि बोलून दाखवायचं.

सोसायटीत बातमी पसरायला संध्याकाळ पुरली. शेजारच्या भिमाबाई म्हणाल्या, वकिलाचा आवाज पोटातून यायला पाहिजे, त्यासाठी रोज पहाटे उपाशीपोटी मोठ्यानं वाचायचं. घरात मोठ्यानं वाचलं की शंकरराव उठायचे, म्हणून जयदेव पहाटेच हाताला लागेल ते पुस्तक घेऊन सोसायटीतल्या बुद्धविहाराच्या ओट्यावर जाऊ लागला. तिथं तो वाचायला लागला की आजूबाजूची कुत्री जमायची आणि ती शेवटपर्यंत थांबायची. एवढा धीराचा श्रोतृवर्ग पुढं त्याला कधी मिळाला नाही.

समोरच्या बिल्डिंगमधला सुदाम विमा एजंट होता. तो म्हणाला, "जया, वाचून काय होतंय? समोरचा नाही म्हणाला की तिथून वकिली सुरू होते. माझ्याबरोबर चल." मग दोनतीन रविवार जयदेव सुदामबरोबर लोकांच्या घरी जाऊन विम्याची बाजू मांडत बसला. पॉलिसी एकही खपली नाही. उलट कुळगावच्या एका मास्तरांनी जयदेवचं सगळं बोलणं लक्षपूर्वक ऐकून घेतलं आणि आपली जुनी पॉलिसीसुद्धा बंद करून टाकली. सुदामनं पुढच्या रविवारी त्याला नेलं नाही.

सोसायटीचे चेअरमन रामभाऊ तहसील कचेरीतून रिटायर झालेले. त्यांचं म्हणणं, कायदा कोर्टात शिकायचा असतो. म्हणून जयदेव तालुक्याच्या कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसला. दिवसभरात त्याला एकच वाक्य शिकायला मिळालं, "पुढची तारीख मिळावी." ते त्यानं निरनिराळ्या वकिलांच्या तोंडून, निरनिराळ्या सुरांत ऐकलं. संध्याकाळी शिपायानं विचारलं, "तुम्ही कोणाच्या बाजूचे?" जयदेव प्रामाणिकपणे म्हणाला, "कोणाच्याच नाही." तेव्हा शिपायानं त्याला बाहेर काढलं. कोर्टात बाजू नसलेल्या माणसाला बसू देत नाहीत, हा धडाही त्याला फुकटात मिळाला.

राहता राहिलं पुस्तक. कॉलेजच्या वाटेवर उल्हासनगरच्या कॅम्पात परसराम शेठचं रद्दीचं दुकान होतं. जयदेवनं तिथं कायद्याचं पुस्तक मागितलं. शेठ उठून आत गेला आणि एक जाडजूड, चामडी बांधणीचं पुस्तक दोन्ही हातांवर घेऊन बाहेर आला.

"साईं, ये मेरे चाचा की किताब. कराची में बडे वकील थे. घर छोडा, दुकान छोडी, पर ये किताब साथ लाए. किसीको देता नहीं था. पर आप वकील बननेवाले हो, तो घ्या."

एवढं ऐकल्यावर भाव करणं म्हणजे त्या चाचांचा अपमान झाला असता. जयदेवनं पुस्तक घरी आणलं. इंग्रजी अवघड, अक्षर बारीक, पहिली काही पानं गळालेली. पण कायदा असाच असतो म्हणतात, म्हणून त्यानं महिनाभर पहाटे विहाराच्या ओट्यावर ते घोकलं. पाटबंधारे अधिकाऱ्याचे अधिकार त्याला तोंडपाठ झाले. कालव्याचं दार परवानगीशिवाय उघडलं तर काय होतं, वरच्या शेतकऱ्यानं खालच्याचं पाणी अडवलं तर कोणाकडं अर्ज करायचा, सगळं पाठ. शेवटी रामभाऊंनी चष्मा लावून पुस्तक चाळलं आणि म्हणाले, "जया, हा सिंध प्रांताचा कालव्याचा कायदा आहे. इंग्रजाच्या वेळचा. ते सिंध आता पाकिस्तानात आहे."

बी.ए.ची परीक्षा तोंडावर आली होती आणि जयदेवला सिंधमधल्या सक्करच्या कालव्याखेरीज काही आठवत नव्हतं.

अशा वेळी रामभाऊंनी जयंती कमिटीची मीटिंग बोलावली. दरवर्षी चौदा एप्रिलला सोसायटीत वंदना व्हायची, भाषणं व्हायची, गाणी व्हायची, मग जेवणात बटाटे कोणी कमी आणले यावरून भांडण व्हायचं. रामभाऊ म्हणाले, "बाबासाहेब बॅरिस्टर होते. यंदा आपण काहीतरी वैचारिक करू. अभिरूप न्यायालय." म्हणजे खोटं कोर्ट. न्यायाधीश, वकील, आरोपी, साक्षीदार सगळे आपलेच, आणि खटला मात्र खऱ्यासारखा चालवायचा. कल्पना सगळ्यांना आवडली. विषयाला तर मत घ्यायचीसुद्धा गरज पडली नाही. मोटरचोर.

याचं असं की मैत्री सोसायटीला पाणी सकाळी तासभर यायचं. बारवी धरण इथून हाकेच्या अंतरावर, पण धरणाचं पाणी शेजाऱ्यापाजाऱ्यांना ओळख न दाखवता पुढच्या शहरांकडं निघून जायचं. जे काही आमच्या वाट्याला यायचं, ते गेल्या काही महिन्यांपासून मधूनच गुल व्हायचं. नळ उघडला की नुसती हवा. सोसायटीतलंच कोणीतरी घरच्या नळाला मोटर लावून सगळ्या लाईनीचं पाणी ओढून घेतंय, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. फक्त कोण, ते कळत नव्हतं. मोटरचोर सापडत नसल्यामुळं प्रत्येकजण प्रत्येकाकडं मोटर असल्यासारखा बघायचा.

न्यायाधीश कोण, यावर चर्चाच झाली नाही. शंकरराव रोकडे. सोसायटीच्या पाण्यासाठी नगरपालिकेत अर्ज करणारे शंकरराव, विहारात सदाचारावर बोलणारे शंकरराव, आणि मागच्या मीटिंगमध्ये "जो कोणी मोटर लावत असेल त्याला सगळ्यांसमोर उभा करा" असं टेबलावर हात आपटून सांगणारेही शंकररावच. सरकारी वकील झाला सुदाम. आरोपीचा वकील म्हणून सगळ्यांनी एकमुखानं जयदेवचं नाव घेतलं. तेवढीच त्याची तयारी होईल, असं त्यांचं मत पडलं.

आरोपी व्हायला मात्र कोणी तयार होईना. खोटा का होईना, पण एकदा मोटरचोर म्हणून चारचौघांत उभं राहिलं की मग ते नाटक होतं हे जन्मभर कोणाकोणाला सांगत बसायचं? अखेर हरिचंद्र उठला. हरिचंद्र एकटाच राहायचा, उल्हासनगरात मोटरी वाइंडिंग करायच्या कारखान्यात कामाला होता आणि पाणी यायच्या आधीच भल्या पहाटे घर सोडायचा. स्वभावानं गरीब. "मी उभा राहतो, त्यात काय," तो म्हणाला. "मोटर पण घरात एक पडलीय. दाखवायला होईल."

घरी आल्यावर शंकररावांनी जयदेवला समोर बसवलं.

"तुला लॉ करायचंय ना? मग हरिचंद्रला सोडवून दाखव. मी खुर्चीवर बाप म्हणून बसणार नाही, न्यायाधीश म्हणून बसणार. सोडवलंस तर लॉ. नाही तर मे महिन्यात मुकाट आनंदनगर. मंजूर?"

"मंजूर," जयदेव म्हणाला. न्यायाधीशालाच आपण हरलेले हवे आहोत, ही गोष्ट त्याला झोपताना सुचली. तोपर्यंत उशीर झाला होता.

वकिलाला काळा कोट हवा. गयाबाईनं हट्टानं उल्हासनगरच्या बाजारातून एक शिवलेला कोट आणवला. दुकानदार म्हणाला होता, "इंपोर्टेड है." असेलही. खांद्यांवर सोनेरी झालर उसवल्याच्या खुणा होत्या आणि आतल्या खिशात एका बँडपार्टीचं कार्ड सापडलं. मूळ रंग बहुधा लाल असावा. वरून काळ्यात बुडवलेला होता. गयाबाई म्हणाली, लांबून कळत नाही.

चौदा तारखेला संध्याकाळी विहारापुढच्या मांडवात कोर्ट भरलं. वंदना झाली, रामभाऊंचं प्रास्ताविक झालं, लांबलं, संपलं. शंकरराव काळी शाल पांघरून खुर्चीवर बसले. समोर टेबलावर हरिचंद्रची मोटर फुलदाणीच्या शेजारी ठेवलेली. एप्रिलचा उकाडा, वर हॅलोजन. जयदेव उभा राहिला तेव्हाच त्याच्या कॉलरवरून काळं पाणी उतरायला लागलं होतं.

सुदामनं सुरुवातीलाच मांडव जिंकला. विमा विकून विकून त्याला माणसाला घाबरवायचं कसं ते नेमकं माहीत होतं. "आयाबहिणींनो," तो म्हणाला, "सकाळी तुम्ही नळाखाली हंडा लावता आणि नळातून काय येतं? हवा. तुमच्या लेकरांच्या अंघोळीचं पाणी कुठं जातं? ज्याच्या घरात मोटर, त्याच्या घरात. आणि मोटर कोणाच्या घरात सापडली?" सगळ्यांनी टेबलावर बघितलं. मग हरिचंद्रकडं बघितलं. एका म्हातारीनं पदर कमरेला खोचला.

"हरिचंद्र तर पहाटेच कामावर जातो," जयदेव कसाबसा म्हणाला.

"जातो ना," सुदाम म्हणाला. "मोटरचा कारागीर माणूस. घड्याळ जोडून जात असेल. बटण आपोआप दाबलं जात असेल. इंपोर्टेड."

हे लोकांना पटलं. कशातलंही काही इंपोर्टेड म्हटलं की आमच्याकडं पटतं. मांडवात कुजबुज सुरू झाली, आणि ती नाटकातली नव्हती. मागून कोणीतरी म्हणालं, म्हणूनच तो लग्न करत नाही, घरात दुसरं माणूस नको म्हणून. रामभाऊ शेजारच्याला म्हणाले, ते सगळ्यांना ऐकू गेलं, "उद्या प्लंबरला बोलावतो. याची लाईनच कापून टाकतो." हरिचंद्र, जो मघापर्यंत आरोपीच्या पिंजऱ्यात, म्हणजे दोन बाकांच्या मधे, मजेत उभा होता, तो घाम पुसायला लागला.

आता एका भल्या माणसाचं पाणी जयदेवच्या गप्प राहण्यानं तुटणार होतं, शिवाय आनंदनगरचा पंखा त्याला डोक्यावर गरगरताना दिसायला लागला होता. सिंधच्या कालव्यांत या प्रसंगावर काही नव्हतं. त्यानं साक्षीला भिमाबाईंना बोलावलं, कारण त्या हरिचंद्रच्या शेजारी. एका बाजूला हरिचंद्रची खोली, दुसऱ्या बाजूला रोकड्यांची, मधे भिमाबाई.

"मावशी, पाणी जातं तेव्हा तुम्हाला काही ऐकू येतं?"

"येतं की. घूंऽऽ करून आवाज येतो भिंतीतून."

"रोज येतो?"

भिमाबाईंनी विचार केला. "रोज नाही बाबा. एक आठवडा येतो, एक आठवडा नाही. परत एक आठवडा येतो."

जयदेवच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा आवाज पोटातून आला. "माय लॉर्ड," तो म्हणाला, "हरिचंद्र महिन्याचे सगळे दिवस पहाटे कामावर जातो. त्यानं घड्याळ लावलं असतं तर मोटर रोज चालली असती. घड्याळाला आठवडा कळत नाही. एक आठवडा सकाळी घरात असणारा आणि एक आठवडा नसणारा माणूस कोण? पाळीवर जाणारा माणूस. दुपारपाळीच्या आठवड्यात तो सकाळी घरी असतो आणि मोटर लावतो. हा चोर पाळीवाला आहे, माय लॉर्ड."

मांडवात टाळ्या पडल्या. सुदामनंसुद्धा वही मिटली. जयदेवनं विजयी मुद्रेनं न्यायाधीशांकडं बघितलं.

न्यायाधीश चष्मा काढून पुसत होते. चष्मा स्वच्छ होता. तरी पुसत होते.

आता हे सांगायला पाहिजे की जयदेवच्या घरात मोरीच्या कोपऱ्यात एक उपडी बादली होती आणि तिच्यावर गोणपाट. गेले काही महिने अंघोळ करताना तो साबण त्या गोणपाटावर ठेवायचा. बादलीखाली काय आहे असं त्यानं कधी विचारलं नाही. पाणी येताना तो घरी नसायचाच, विहाराच्या ओट्यावर कुत्र्यांना कायदा शिकवत असायचा. एवढ्या चौकस बुद्धीचा माणूस वकील होणार होता. आणि त्या बादलीचा अर्थ त्याला भर मांडवात, टाळ्या चालू असताना कळला.

बायकांच्या बाजूला गयाबाई बसली होती. तिनं पदर तोंडावर धरला होता.

जयदेवला एकच प्रश्न विचारायचा उरला होता. आवाज कोणत्या भिंतीतून येतो. हरिचंद्रच्या की दुसऱ्या. तो विचारला की खटला जिंकला, लॉ कॉलेज मिळालं, आणि बाप सगळ्या सोसायटीसमोर नागडा झाला. नाही विचारला की हरिचंद्रचं पाणी तुटलं.

"माय लॉर्ड," तो म्हणाला, "पुढची तारीख मिळावी."

"जयंती वर्षातून एकदाच येते," न्यायाधीश म्हणाले.

"मग माझं झालं," जयदेव म्हणाला आणि खाली बसला. कोटाचा रंग शर्टावर, शर्टाचा बनियनवर, असा सगळा कायदा त्याच्या अंगावर उतरला होता. आपण नालायक आहोत असं त्याला मनापासून वाटलं. वकील म्हणूनही आणि माणूस म्हणूनही.

सुदाम चटकन उभा राहिला. "आरोपीच्या वकिलाकडं विचारायला काही उरलं नाही, यातच सगळं आलं," तो म्हणाला. "पाळीवाले तर अर्ध्या सोसायटीत आहेत. पण मोटर या एकाच्याच घरात सापडली." लोकांनी माना डोलावल्या. रामभाऊंनी प्लंबरचं नाव मोठ्यानं घेतलं.

हरिचंद्रनं तेव्हा एकदाच वर बघितलं. न्यायाधीशांकडं. मग मान खाली घातली.

शंकररावांना आता काहीच करायचं नव्हतं. नुसतं "आरोपी दोषी" म्हणायचं, की सगळं त्यांच्या मनासारखं होणार होतं. मुलगा पंख्याखाली, मोटर बादलीखाली, आणि अब्रू जागच्या जागी. त्यांनी चष्मा डोळ्यावर चढवला.

"आरोपीचे वकील मधेच का बसले?" त्यांनी विचारलं.

जयदेव उभा राहिला. "अप्पा, आई बसलीय समोर," तो हळूच म्हणाला. माईक चालू होता.

"कोर्टात वकिलाला आई नसते. अप्पाही नसतो. तुझा अशील तिथं उभा आहे, त्याच्याकडं बघ. राहिलेला प्रश्न विचार."

"नको."

"विचार म्हणतो ना."

जयदेवनं भिमाबाईंकडं तोंड केलं. "मावशी, आवाज कोणत्या भिंतीतून येतो?"

भिमाबाईंनी आधी त्याच्याकडं बघितलं, मग न्यायाधीशांकडं. "मला काय भिंतीचं कळतंय," त्या म्हणाल्या.

"बाई, खरं सांगा," न्यायाधीश म्हणाले.

"तुमच्या," भिमाबाई म्हणाल्या. "तुमच्या भिंतीतून येतो, शंकरराव. पण तुम्ही असं करणार नाही म्हणून मी माझ्याच कानांना खोटं पाडलं."

आमच्या सोसायटीत एवढी शांतता त्याआधी पंचशील घेतानाही झाली नव्हती.

शंकरराव उभे राहिले. त्यांनी शाल काढली आणि घडी करून खुर्चीवर ठेवली. "निकाल," ते म्हणाले. "हरिचंद्र निर्दोष. मोटर माझ्या मोरीत आहे. ती त्याच्याकडूनच घेतली होती आणि कोणाला सांगू नको म्हणून त्याचा शब्द घेतला होता. त्यानं तो इथं उभं राहूनही पाळला. मी मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटत होतो तेव्हा मोटर घरातच होती. उद्या सकाळी ती सगळ्यांसमोर काढीन. रामभाऊ, प्लंबर माझ्याकडं पाठवा."

"माझ्या गुडघ्यापायी लावली हो त्यांनी," गयाबाई बायकांतून उठून म्हणाली. "हंडे उचलवत नाहीत मला. आधी जया भरायचा. तो वकिलीच्या अभ्यासाला लागला, पहाटेच जायला लागला, मग मी कोणाला सांगू? ह्यांची सकाळपाळी असली की मीच भरते, मला त्या बटणाची भीती वाटते. पाणी हवंच होतं ना घरात."

"आरोपीच्या घरच्यांनी मधे बोलू नये," शंकरराव म्हणाले. जयदेव मान खाली घालून उभा होता. इतके महिने चाललेल्या चोरीचं मूळ कारण सोसायटीसमोर काळ्या कोटात उभं होतं, आणि त्याला फार लाज वाटत होती.

"आरोपीचे वकील खटला जिंकले आहेत," शंकरराव म्हणाले. "मधेच बसले, ती चूक झाली. बापाला वाचवायला बसले, म्हणून चूक जास्तच झाली. असा माणूस मी स्टोअरमध्ये पाठवला तर तो ओळखीच्यांना माल सोडत बसेल. त्यापेक्षा लॉ कॉलेज बरं. तीन वर्षं जाऊ दे. बापापुढंसुद्धा उभं राहायला शिकून येऊ दे."

सुदामनं टाळी वाजवली. मग कोणी वाजवत नाही बघून थांबला. मग रामभाऊंनी वाजवली, आणि मग सगळ्यांनी. हरिचंद्र दोन बाकांच्या मधून बाहेर आला आणि त्यानं टेबलावरची आपली मोटर काखेत मारली.

गयाबाई अजून उभीच होती. "ते सगळं ठीक आहे, साहेब," ती म्हणाली. "पण मोटर काढल्यावर उद्या सकाळी पाणी कोण भरणार, तेवढं पण निकालात सांगा."

न्यायाधीशांनी वकिलाकडं बघितलं.

"मी भरीन, आई," जयदेव म्हणाला.

"लॉ कॉलेजात गेलास तरी?"

"गेलो तरी."

"यावर अपील नाही," शंकरराव म्हणाले, आणि कोर्ट उठलं.